पियानोटेक स्टँडर्ड: एफ मायनर फ्यूगचं ट्यूनिंग आणि लय ठरवताना

पियानोटेकबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्यातला पियानो खऱ्या पियानोच्या किती जवळ जातो एवढंच तपासतात. मी ते घेतलं वेगळ्याच कामासाठी. एफ मायनरमध्ये तीन आवाजांचा एक फ्यूग (एकच सुरावट एकेका आवाजात येऊन गुंफली जाते अशी रचना) लिहायला घेतला होता, आणि तो कुठल्या ट्यूनिंगमध्ये, कुठल्या लयीत वाजायला हवा हे मला कानांनी ठरवायचं होतं. घरातल्या अपराइट पियानोवर हे जमत नाही. त्याच्या दोनशेवर तारा एका ट्यूनिंगमधून दुसऱ्यात न्यायच्या म्हणजे मोठं काम, आणि नव्या ताणावर तारा स्थिरावायला पुन्हा वेळ जातो. चार ट्यूनिंग एकाच संध्याकाळी लागोपाठ ऐकणं तिथे शक्य नाही. हार्पसिकॉर्ड (हातोडीऐवजी तारा छेडून वाजणारं जुनं वाद्य) निवांत वाजवायला मिळेल अशी जागा मला पुण्यात सापडलेली नाही. म्हणून हे सॉफ्टवेअर. पुढचं सगळं त्याच्या स्टँडर्ड आवृत्तीबद्दल आहे.

पियानोटेक फ्रान्समधल्या तुलूझच्या मोडार्ट कंपनीचं. पहिली आवृत्ती २००६ सालची. त्यामागचे फिलिप गियोम गणितज्ञ, आणि त्याआधी पियानो ट्यूनर. ट्यूनिंगच्या पॅनेलवर इतकी मेहनत का घेतली आहे ते यावरून कळतं. इतर बरेचसे आभासी पियानो खऱ्या वाद्याचे सूर एकेक करून ध्वनिमुद्रित करतात आणि आपण पट्टी दाबली की ते मुद्रण वाजवतात, त्यामुळे त्यांचा आकार कित्येक गिगाबाइटमध्ये जातो. इथे मुद्रण नाही. तार, हातोडी, साउंडबोर्ड यांचं गणित मांडलेलं आहे आणि पट्टी दाबल्यावर सूर त्या क्षणी तयार होतो. म्हणून अख्खं सॉफ्टवेअर काही दहा मेगाबाइटमध्ये मावतं आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर विनातक्रार चालतं. मला महत्त्वाचं वाटलं ते हे की सूर हलवला की त्याची तारच नव्या ताणाची होते. त्यामुळे ट्यूनिंग बदलल्यावर वाद्य तेच राहतं, त्याचा आवाज कुठे ताणल्यासारखा होत नाही.

ट्यूनिंगचा प्रश्न काय आहे तो आधी सांगते. तंबोऱ्याशेजारी बसलेल्या माणसाला तो समजायला वेळ लागणार नाही. जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, तो स्वयंभू गंधार षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). पेटीचा गंधार ४०० सेंटांवर, म्हणजे जवळजवळ १४ सेंट चढा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींच्या पेटीच्या मागे लागले ते याच सुरांसाठी. पण आपल्याकडे षड्ज एकदा धरला की मैफल संपेपर्यंत हलत नाही. फ्यूगमध्ये तो दर काही बारला (बार म्हणजे तालाचं एक माप) हलतो. एफ मायनरमधून सी मायनर, तिथून ए फ्लॅट मेजर, डी फ्लॅट मेजर, आणि बारा पट्ट्या मात्र त्याच. बारा शुद्ध पंचम एकावर एक रचले तर सात सप्तकं ओलांडून वर साडेतेवीस सेंट उरतात. ते साडेतेवीस सेंट कुठल्या पंचमांमधून काढून घ्यायचे, एवढाच सगळा टेम्परामेंटचा वाद आहे. आज सर्रास चालतं त्या इक्वल टेम्परामेंटमध्ये बाराही पंचम दोन-दोन सेंट सोडतात आणि बाराही मेजर थर्ड (षड्ज ते शुद्ध गंधार एवढी अंतरं) सारखेच चढे होतात. आंद्रेआस वेर्कमाइस्टर यांनी १६९१ साली दिलेल्या एका ट्यूनिंगमध्ये, ज्याला आज वेर्कमाइस्टर थ्री म्हणतात, सगळा भार फक्त चार पंचमांवर पडतो आणि बाकीचे आठ शुद्ध राहतात. पादुआच्या फ्रांचेस्को अंतोनियो वाल्लोत्ती (१६९७–१७८०) यांच्या नावाच्या ट्यूनिंगमध्ये तो सहा पंचमांवर सारखा वाटला जातो. या दोन्हींमध्ये सी आणि एफचे थर्ड शांत असतात, आणि फ्लॅट-शार्प वाढत जातील तसतसे थर्ड चढत जातात. प्रत्येक 'की'ला, म्हणजे एफ मायनर, सी मेजर अशा प्रत्येक सुरपट्टीला, स्वतःचा चेहरा येतो.

बाखने १७२२च्या 'वेल टेम्पर्ड क्लाव्हियर' या प्रेल्यूड आणि फ्यूगच्या संग्रहात चोवीसही 'की' वापरल्या, पण ट्यूनिंगची कृती लिहून ठेवली नाही. त्यांचे शिष्य किर्नबर्गर यांचा हवाला देऊन मार्पुर्ग यांनी नोंदवलं आहे की सगळे मेजर थर्ड किंचित चढे लावायला बाख सांगत. चरित्रकार फोर्केल लिहितात की हार्पसिकॉर्ड लावायला त्यांना पाव तासापेक्षा जास्त वेळ लागत नसे. ब्रॅडली लेमन यांनी २००५ मध्ये मांडलं की त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरची वळणदार नक्षी म्हणजेच ट्यूनिंगची सूचना आहे. त्यावर अजून एकमत नाही. त्यांचं ट्यूनिंग मीही लावून ऐकलं, सुरेख आहे. पण माझा फ्यूग बाखचा नाही आणि मला काही सिद्ध करायचं नव्हतं. माझ्या सुरांना काय मानवतं तेवढंच बघायचं होतं.

विषय, म्हणजे फ्यूगची मूळ सुरावट, दोन बारचा आहे. सुरुवात सीवर, म्हणजे पंचमावर. वर डी फ्लॅट, तिथून थेट खाली ई नॅचरलवर उडी, मग एफ, आणि एफपासून क्वेव्हरची (अर्ध्या मात्रेच्या सुरांची) चालती ओळ. ती खाली जाणारी उडी, डिमिनिश्ड सेव्हन्थ, अठराव्या शतकात सगळ्यांची होती. बाखच्या 'वेल टेम्पर्ड क्लाव्हियर'च्या दुसऱ्या भागातल्या ए मायनर फ्यूगमध्ये ती आहे, मोत्झार्टच्या 'रेक्वियम'मधल्या किरियेतही आहे. विषय पंचमावरून निघतो म्हणून उत्तर, म्हणजे दुसऱ्या आवाजात येणारा तोच विषय, षड्जावरून निघतं: एफ, ए फ्लॅट, बी, सी. विषयातलं पहिलं अर्धस्वराचं पाऊल उत्तरात मायनर थर्डचं होतं. नियमाने करावाच लागणारा हा बदल मला फार आवडतो, कारण दुसरा आवाज पहिल्याची नक्कल न करता त्याला खरोखर उत्तर दिल्यासारखा आत येतो.

आता हाच विषय वेर्कमाइस्टरमध्ये. सी ते डी फ्लॅट हे अंतर ९० सेंट, तर ई ते एफ १०८. इक्वलमध्ये दोन्ही १००. आणि मधली उडी? डी फ्लॅट ते ई दोन्हीकडे अगदी ९०० सेंट. म्हणजे उडी तीच राहते, पण पहिलं पाऊल आखडतं आणि शेवटचं रुंदावतं. वर जाताना आवाज चिमटून चढतो, आणि खालच्या ईवरून एफवर येताना त्याला लांब चालावं लागतं. कागदावर हे आकडे कुणालाही काढता येतील. पण पियानोटेकमध्ये इक्वल आणि वेर्कमाइस्टर एकामागोमाग लावून हा विषय नुसता एका बोटाने वाजवला, तेव्हा आपण लिहिलेल्या विषयाचा स्वभाव मला पहिल्यांदा नीट दिसला. इक्वलमध्ये तो दुःखी होता. वेर्कमाइस्टरमध्ये तो हट्टी निघाला. त्यानंतर मी प्रतिविषय (विषयासोबत चालणारी दुसरी ओळ) पुन्हा लिहिला, कारण जुना प्रतिविषय नुसत्या दुःखी विषयाच्या सोबतीचा होता, हळूहळू उतरत जाणारा. नव्याला सेमीक्वेव्हरची (पाव मात्रेच्या सुरांची) चाल दिली आणि ईवर विषय थांबतो तिथे त्याला पुढे जाऊ दिलं.

हे करायला स्टँडर्ड का लागते ते सांगते. नेहमीची काही टेम्परामेंट यादीत तयार मिळतात, पण आपलं स्वतःचं ट्यूनिंग बाहेरून आणायचं तर स्टँडर्ड किंवा प्रो आवृत्ती हवी. ते स्काला नावाच्या फाइलमधून येतं. स्काला फाइल म्हणजे साधी मजकूर फाइल: वर एक वर्णनाची ओळ, मग स्वरांची संख्या १२, आणि खाली एकेका ओळीत एकेका स्वराचे सेंट, शेवटी १२००. षड्ज लिहायचा नसतो, तो गृहीत असतो. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: सेंटच्या आकड्यात दशांशचिन्ह असायलाच हवं. ९०.२२५ असं लिहिलं तर तो सेंट, नुसतं ९० लिहिलं तर ते गुणोत्तर समजलं जातं आणि सूर कुठल्या कुठे जातो. १२००च्या जागीही १२००.० लिहा, किंवा २/१. हजारो तयार फाइलींचा संग्रह इंटरनेटवर मोफत आहे, पण पहिली फाइल हाताने लिहा असं मी म्हणेन. वेर्कमाइस्टरचे बारा आकडे पंचमापंचमाने मोजत काढताना कुठला थर्ड का चढतो ते बोटांना कळतं.

हार्पसिकॉर्डसाठी मी त्यातलं ब्लँशे १७३३ निवडलं. पट्टी सोडल्यावर जॅक (तार छेडणारा लाकडी तुकडा) खाली पडतानाचा बारीक खट्ट आवाजसुद्धा त्यात आहे, आणि फ्यूगमध्ये त्याचा उपयोग होतो: आवाज कधी संपला ते कळतं, आणि तीन आवाजांत कोण कधी गप्प झालं हे कळणं अर्धं काम आहे. ऑक्टेव्ह स्ट्रेचिंग, म्हणजे सप्तकं किंचित ताणून लावणं, वाढवू नका. पियानोच्या जाड तारांना ते शोभतं, इथे मात्र थर्डची मापं हलतात. वाद्य जुनं, सुटलेलं वाटावं यासाठीचा कंडिशनचा स्लायडरही शून्यावर ठेवा, नाहीतर आपण ट्यूनिंग ऐकतोय की बिघाड, हे सांगता येणार नाही. मी स्वरलेखन म्यूझस्कोरमध्ये करते, तिथून मिडी फाइल काढून इथे उघडते. फाइल वाजत असताना ए-बी बटणाने दोन मांडण्यांमध्ये येजा करता येते. त्याच बारला, त्याच कॉर्डवर. माझ्या मते पैसे या एका बटणासाठी द्यावेत.

चार ट्यूनिंग ऐकली. मीनटोन फक्त माहितीसाठी लावलं. क्वार्टर-कॉमा मीनटोनमध्ये मेजर थर्ड शुद्ध, अगदी तंबोऱ्यातला, पण ए फ्लॅटची पट्टी 'जी शार्प' (G#) म्हणून लावलेली असते. एफपासून ती २६९ सेंटांवर पडते, शुद्ध मायनर थर्ड ३१६ला असताना. एफ मायनरचा पहिलाच कॉर्ड उभा राहत नाही. एफ मायनरसारख्या 'की' त्या काळातल्या लोकांनी का टाळल्या हे त्या एका कॉर्डमध्ये समजतं, पुस्तकाची गरज राहत नाही. इक्वल बाजूला ठेवलं ते तुलनेसाठी. खरी निवड वेर्कमाइस्टर आणि वाल्लोत्ती या दोघांत होती, आणि ती एका एपिसोडवर, म्हणजे विषय नसतानाच्या मधल्या भागावर, ठरली.

तो एपिसोड पंचमापंचमाने खाली उतरणारी साखळी आहे: ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, मग 'जी' सुरावरचा डिमिनिश्ड कॉर्ड, आणि सी मेजर, जिथून विषय परत येतो. वरचे दोन आवाज मिनिम (दोन मात्रांचे सूर) धरून थर्डमध्ये चालतात, खालचा आवाज प्रतिविषयाचा तुकडा घोळवतो. इक्वलमध्ये या साखळीतला प्रत्येक मेजर थर्ड ४००. साखळी चालते, पण प्रत्येक पायरी सारखी, आणि सी मेजर आला की फक्त सी मेजर आला. वेर्कमाइस्टरमध्ये तेच आकडे ४०२, ४०८, ४०८, आणि सीवर ३९०. दुसऱ्याच पायरीला ताण टोकाला जातो आणि तिथेच अडकून राहतो. वाल्लोत्तीमध्ये ४००, ४०४, ४०८, आणि मग सीवर ३९२. इथे ताण पायरीपायरीने चढतो, डी फ्लॅटवर शिगेला पोचतो, आणि सी मेजर आल्यावर खरोखर दार उघडतं. तिथे विषय परत येतो तेव्हा तो कुठून आलाय हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. मी वाल्लोत्ती घेतलं. विषयाचा हट्टीपणा त्यात थोडा कमी होतो, सी ते डी फ्लॅट ९४ आणि ई ते एफ ११० होतं, पण तेवढा तो पुरतो.

लयीचा प्रश्न मी वेगळा धरून बसले होते. ट्यूनिंग आधी, लय नंतर, अशी मनात मांडणी होती. पियानोटेकसोबत काम करताना ती मांडणी मोडली, आणि या परीक्षणात मला मुख्यतः तेच सांगायचं आहे.

चढ्या थर्डमध्ये दोन सुरांचे हेलकावे, म्हणजे आवाजाची कमी-जास्त होणारी थरथर, ऐकू येतात. मधल्या सप्तकातला ए फ्लॅट आणि सी एकत्र धरले तर इक्वलमध्ये सेकंदाला साधारण आठ हेलकावे, वाल्लोत्तीमध्ये दहा-अकरा, वेर्कमाइस्टरमध्ये तेरा. आता लय. क्रॉचेट ८४, म्हणजे मिनिटाला ८४ मात्रा, धरलं तर एक मिनिम जेमतेम १.४ सेकंद टिकतो. तेवढ्यात कान कॉर्ड ओळखतो आणि पुढे सरकतो. हेलकाव्यांची थरथर आहे एवढं जाणवतं, ती वाढतेय की कमी होतेय हे कळत नाही. ६९ला मिनिम १.७ सेकंदांवर जातो आणि ए फ्लॅटच्या थरथरीपेक्षा डी फ्लॅटची थरथर दाट आहे हे ऐकू यायला लागतं. म्हणजे मी ज्या चढासाठी वाल्लोत्ती निवडलं, तो चढ ८४ला असतो पण ऐकू येत नाही. उलट इक्वलमध्ये लय संथ करून काहीच हाती लागत नाही. सगळे थर्ड सारखेच, मग कान त्यांच्यावर थांबून काय ऐकणार? इक्वलमध्ये हा फ्यूग ८४लाच चांगला वाजतो, अजूनही तसाच वाटतो. वाल्लोत्तीमध्ये तो ६९चा झाला. सुरावटीतला एकही सूर न बदलता, फक्त बारा पट्ट्यांचं माप बदलल्यावर.

मग आणखी संथ का नाही? तिथे वाद्य आडवं येतं. शेवटाआधी बासमध्ये सीचा पेडल (एकच लांब धरलेला सूर) चार बार धरलेला आहे, त्यावर स्ट्रेटो: दोन आवाज अर्ध्या बारच्या अंतराने विषय घेऊन येतात. ६९ला चार बार म्हणजे जवळपास चौदा सेकंद. हार्पसिकॉर्डचा खालचा सी तेवढा वेळ तग धरत नाही, वरचे आवाज भरात येतात तेव्हा पाया विझत आलेला असतो. ६०ला सोळा सेकंद, म्हणजे आणखीच वाईट. बाखच्या पहिल्या भागातल्या ए मायनर फ्यूगच्या शेवटी असाच पेडल आहे, आणि तो नुसत्या हातांनी धरताच येत नाही. हार्पसिकॉर्डवादक असे लांब सूर पुन्हा छेडतात आणि तेच योग्य. मी तिसऱ्या बारच्या सुरुवातीला सी पुन्हा वाजवायची खूण लिहिली. ६९ला तो मधे एकदाच पुन्हा छेडून पुरतो, ६०ला प्रत्येक बारला छेडावा लागतो आणि स्ट्रेटोखाली नगाऱ्यासारखे ठोके पडायला लागतात. वरची मर्यादा प्रतिविषयातल्या सेमीक्वेव्हरने ठरवली. किर्नबर्गर यांनी लिहिलंच आहे की रचनेत कुठली लहान मूल्यं वापरली आहेत आणि टाइम सिग्नेचर काय आहे, यावरूनच वादकाने लय ओळखायची. ९०च्या पुढे माझ्या सेमीक्वेव्हर घाईच्या होतात आणि विषयाचा हट्ट निघून जातो.

लयीचे आकडे कोणी देत नसे त्या काळात हे सगळं असंच ठरत असणार. क्वांट्झ यांनी १७५२ मध्ये माणसाची नाडी मिनिटाला ऐंशी धरून लय सांगायची रीत दिली. मेल्त्सेलचा मेट्रोनोम १८१५चा. बाखने पहिल्या भागात लयीचे शब्द मोजक्याच ठिकाणी लिहिले, आणि त्यातल्या शेवटच्या बी मायनर फ्यूगवर 'लार्गो' आहे. त्या फ्यूगच्या विषयात बाराही सूर येतात. बाराही सुरांतून जाणारा विषय असमान ट्यूनिंगमध्ये वाजवून बघा, तो शब्द तिथे कशासाठी असेल याचा माझ्यापुरता उलगडा मला पियानोटेकवर झाला: अर्धस्वर सारख्या रुंदीचे नाहीत आणि ते ऐकायला वेळ हवा. ही माझी समजूत, पुरावा नव्हे.

शेवटचा कॉर्ड एफ मेजर ठेवला आहे, मायनरमधल्या फ्यूगच्या शेवटी मेजर थर्ड, जुन्या रिवाजाप्रमाणे. पूर्ण फ्यूगभर कान चिमटलेल्या मायनर थर्डवर, २९४ सेंटांच्या एफ–ए फ्लॅटवर, वावरलेला असतो. मग एफ–ए येतो, वाल्लोत्तीमध्ये ३९२. खालच्या सप्तकात इक्वलचा हाच थर्ड सेकंदाला सातच्या आसपास हेलकावे घेतो, इथे तीन. स्वयंभू गंधारापासून तो सहाच सेंट वर आहे. मी त्यावर फर्माटा (सूर लांबवायची खूण) लिहिला आहे, आणि इक्वलमध्ये वाजवायचं असेल तर तो फर्माटा पाळू नका अशी टीप खाली दिली आहे. तिथे तो थर्ड ताणून धरण्यात काही अर्थ नाही, सरळ संपवावं.

आता हे सॉफ्टवेअर जिथे पुरत नाही तेही सांगायला हवं. डिजिटल पियानोच्या जड पट्ट्यांवरून हार्पसिकॉर्डचा हात तयार होत नाही. खऱ्या हार्पसिकॉर्डवर तार छेडली जाते त्या क्षणाचा छोटासा अडथळा बोटाला लागतो, आणि फ्यूगमधलं सगळं आर्टिक्युलेशन त्या अडथळ्यावर चालतं. ते इथे येणार नाही, कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये येणार नाही. दुसरं, लॅपटॉपचे स्पीकर वापरू नका. पेडलचा सी त्यांच्यातून ऐकूच येत नाही, आणि हेलकावे ऐकायला चांगले हेडफोन लागतात. तिसरं, माउसने ट्यूनिंग बदलून कानाला ट्यूनिंग करता येत नाही. ते शिकायचं असेल तर वाल्लोत्तीच घ्या: सहा शुद्ध पंचम आणि सहा सारखे आखूड, कानाने लावायला सोपं, म्हणून आजचे वादकही ते पसंत करतात. प्रत्येक सूर वेगळा हलवायची सोय प्रो आवृत्तीत आहे. एकेका पंचमाचे हेलकावे मोजत बसायचा सराव तिथे करता येईल. मला फ्यूगसाठी तेवढं लागलं नाही.

परवाना घेतलेल्यांना काही ऐतिहासिक वाद्यं आणि नॉयपर्टचं क्लाव्हिकॉर्ड (फार हळू आवाजाचं जुनं पट्ट्यांचं वाद्य) मोफत उतरवून घेता येतात. क्लाव्हिकॉर्ड नक्की घ्या. त्यावर हा फ्यूग रात्री हेडफोनमध्ये वाजवला तेव्हा लय आपोआप ७६च्या आसपास गेली, कारण सूर आणखी लवकर विझतो आणि मिनिम लांबवण्यात काही उरत नाही. उलट त्यातल्या आधुनिक ग्रँडवर, वाल्लोत्तीतच, ६३पर्यंत उतरता आलं आणि पेडल एकदा छेडून पुरला. एकच स्वरलेखन, तीन वाद्यं, तीन लयी. मी प्रतीवर शेवटी एकच आकडा न लिहिता वाद्याचं नाव, ट्यूनिंग आणि लय अशी तिन्ही जोडीने लिहिली.

डायपसन, म्हणजे मधल्या ए सुराची कंपनसंख्या, ४१५ ठेवायची की ४४०, ते तुम्ही ठरवा. हल्ली बरोक वाद्यं सर्वसाधारणपणे ४१५ला लावतात, म्हणजे एक अर्धस्वर खाली. माझ्या एका विद्यार्थिनीला परफेक्ट पिच आहे. ती ४१५ला एफ मायनर वाजवते तेव्हा तिला ई मायनर ऐकू येतो आणि बोटं अडखळतात. तिच्यासाठी ४४०ची वेगळी मांडणी साठवून ठेवली आहे. मी स्वतः ४१५ला वाजवते, तारा किंचित सैल वाटतात आणि विषयातली उडी जरा मऊ होते.

घ्यायचं तर: नुसता सराव, पियानोचा आवाज, मुलांच्या परीक्षा एवढंच असेल तर स्टेज आवृत्ती पुरेशी आहे, त्यात जास्त पैसे घालू नका. स्वतः लिहिता आणि ट्यूनिंगशी खेळायचं आहे, तर थेट स्टँडर्ड. खरेदीच्या वेळी वाद्यांचे पॅक निवडायचे असतात, त्यात एक हार्पसिकॉर्डचा ठेवा. चाचणी आवृत्ती मोफत आहे, पण ती ठरावीक मिनिटांनी बंद होते आणि काही पट्ट्या मुक्या असतात. त्यामुळे तिच्यावर फ्यूग तपासायला जाऊ नका, फक्त एफ, ए, सी असा एक कॉर्ड धरून दोन टेम्परामेंटमध्ये ऐका. फरक ऐकू आला तर विकत घ्या.